फेऱ्यांचा हिशेब : क्रूझमधील इंजिनगतीची निवड आणि हलक्या विमानांच्या इंजिनांचे आयुर्मान – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विमानविद्येच्या इतिहासलेखनात उड्डाण आणि अवतरण या दोन क्षणांना जितके महत्त्व दिले गेले आहे, तितके त्यांच्या दरम्यानच्या दीर्घ आणि एकसुरी प्रवासाला दिले गेलेले नाही. अपेक्षित उंची गाठल्यानंतर विमान स्थिर वेगाने समतल उडत राहते, त्या टप्प्याला क्रूझ असे म्हटले जाते. विमानाच्या इंजिनाचे बहुतांश आयुष्य याच टप्प्यात व्यतीत होते. या काळात इंजिन मिनिटाला किती फेरे फिरवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर इंधनाचा खर्च, इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा कालावधी आणि एकच इंजिन असलेल्या विमानात वैमानिकाचे प्राणही अवलंबून असतात.

‘इंजिन हळू फिरवले की ते जास्त टिकते’ ही सर्वसामान्य समजूत आहे. सायकलपासून मोटारीपर्यंतच्या अनुभवातून ती दृढ झालेली आहे. याच्या नेमकी उलट समजूतही वैमानिकांत दीर्घकाळ नांदत होती. कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला की इंजिन ‘दमते’ आणि लवकर नादुरुस्त होते, असे अनेक अनुभवी वैमानिक मानत. या दोन्ही समजुती इतिहासाने वेगवेगळ्या प्रसंगी खोट्या ठरविल्या आहेत. ते कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) क्रूझमधील इंजिनगतीचा प्रश्न कोणत्या तांत्रिक परिस्थितीत निर्माण झाला, हे स्पष्ट करणे.
२) १९४४ मधील न्यू गिनीतील प्रयोग आणि १९५८ ते १९६२ या काळातील सेस्ना १७५ विमानाचा अनुभव यांची तुलना करणे.
३) इंजिनाच्या आयुर्मानासंबंधीच्या रूढ समजुतींची तपासणी करणे.

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. संकल्पनेचे स्पष्टीकरण :

दट्ट्याच्या इंजिनाची शक्ती प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे क्रँकशाफ्टचे दर मिनिटाचे फेरे आणि दुसरी म्हणजे प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवा-इंधन मिश्रणाचे प्रमाण. हे प्रमाण ज्या दाबावरून ओळखले जाते त्याला मॅनिफोल्ड दाब म्हणतात आणि तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. तीच शक्ती जास्त फेरे व कमी दाब यांतून मिळू शकते, तशीच कमी फेरे व जास्त दाब यांतूनही मिळू शकते. पहिल्या मार्गाने घर्षणात अधिक शक्ती वाया जाते. दुसऱ्या मार्गाने घर्षण कमी होते, पण प्रत्येक स्फोटाचा दट्ट्यावरील ताण वाढतो. दाब फारच वाढल्यास इंधनाचा अनियंत्रित स्फोट होऊन दट्टे आणि सिलिंडरची टोपणे निकामी होण्याचा संभव असतो.

फेऱ्यांचा झिजेशी असलेला संबंध एका साध्या हिशेबावरून लक्षात येतो. मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी चालणारे इंजिन २,००० तासांत ३२ कोटी ४० लाख फेरे पूर्ण करते. तेच इंजिन २,३०० फेऱ्यांवर चालविल्यास तेवढ्याच तासांत २७ कोटी ६० लाख फेरे होतात. हा फरक ४ कोटी ८० लाख फेऱ्यांचा आहे. शिवाय, खाली-वर होणाऱ्या दट्ट्यांमुळे निर्माण होणारे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २,३०० ऐवजी २,७०० फेऱ्यांवर हे बल सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक असते. एवढ्यावरच थांबल्यास ‘हळू चालवा’ हा सल्ला निर्विवाद वाटेल. मात्र हा हिशेब उष्णता, कंपने आणि गंज यांना विचारात घेत नाही. इतिहासातील गुंतागुंत नेमकी तेथूनच सुरू होते.

२. निवडीचे स्वातंत्र्य नसलेला काळ :

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन सुमारे १२ अश्वशक्तीचे होते आणि त्या दिवशीचे सर्वांत दीर्घ उड्डाण ५९ सेकंदांचे होते. येथे क्रूझचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पहिल्या महायुद्धातील रोटरी इंजिने थोड्याच तासांच्या वापरानंतर उघडून साफ करावी लागत. इंजिनाचे आयुष्य शेकडो तासांत मोजता येईल, ही अपेक्षा त्या काळी वास्तवाला धरून नव्हती.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही परिस्थिती बदलली. अमेरिकेत राइट कंपनीचे हवेने थंड होणारे नऊ सिलिंडरचे व्हर्लविंड जे-५ हे इंजिन तयार झाले. सॅम्युअल हेरॉन यांच्या संशोधनातून आलेल्या सोडियमयुक्त निष्कास झडपा हे त्याचे एक वैशिष्ट्य होते. झडपेच्या पोकळ दांड्यातील सोडियम वितळून हलत राहतो आणि झडपेच्या माथ्यावरील उष्णता वाहून नेतो. त्यामुळे झडपा जळण्याचे प्रमाण कमी झाले. २० व २१ मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास साडेतेहतीस तासांत एकट्याने पूर्ण केला, तो याच इंजिनाच्या बळावर. इंधन जळून विमान हलके होत जाईल तसतसा वेग आणि इंजिनाचे फेरे कमी करीत जाणे, हा त्या मोहिमेच्या पूर्वतयारीचाच भाग होता. पॅरिसला उतरताना टाक्यांमध्ये इंधन शिल्लक होते, यावरून त्या हिशेबाची अचूकता कळते.

ब्रिटनमध्ये याच सुमारास फ्रँक हॅलफर्ड यांनी डी हॅविलंड कंपनीसाठी जिप्सी इंजिन तयार केले. उत्पादनातून सहजपणे निवडलेले एक इंजिन मोहोरबंद करून मॉथ विमानावर बसविण्यात आले आणि १९२८ च्या अखेरीपासून सुमारे नऊ महिन्यांत त्याच्यावर ६०० तासांचे उड्डाण करण्यात आले. केवळ नित्याच्या देखभालीवर ते चालले. हा प्रयोग प्रसिद्धीसाठी केलेला असला तरी त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. शर्यती जिंकणाऱ्या शक्तीइतकेच टिकाऊपणालाही व्यापारी मूल्य असते, हे त्यातून मान्य झाले. याच मालिकेतील जिप्सी मेजर इंजिनाला १९४५ पर्यंत दोन ओव्हरहॉलमध्ये १,५०० तास चालविण्याची मान्यता मिळाली.

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो जिप्सी मालिकेमुळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते पस मॉथ या एकइंजिनी विमानातून. टाटांच्या या टपालसेवेने पहिल्या वर्षात सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला. पस मॉथचा प्रवासी वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास होता हे लक्षात घेता, मोजक्या इंजिनांकडून वर्षभरात सुमारे दीड हजार तासांचे काम घेतले गेले, असा अंदाज करता येतो. अशा सेवेत इंजिनाचे आयुर्मान हा तिच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता.

या सर्व विमानांत एक समान मर्यादा होती. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन हवेत बदलता येत नसे. अशा विमानात थ्रॉटल पुढे केला की दाब आणि फेरे दोन्ही एकदमच वाढतात. स्थिर कोनाच्या प्रोपेलरला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून कमाल फेऱ्यांच्या ९० टक्क्यांवर विमान चालविल्यास सुमारे ७३ टक्के शक्ती वापरली जाते. वैमानिकाला फेरे कमी करता येत, परंतु तेवढ्याच शक्तीसाठी फेरे आणि दाब यांची वेगळी जोडी निवडता येत नसे.

३. बदलत्या कोनाचा प्रोपेलर आणि नवा संभ्रम :

अमेरिकेतील फ्रँक कॉल्डवेल यांनी विकसित केलेल्या, हवेत कोन बदलता येणाऱ्या प्रोपेलरमुळे १९३० च्या दशकात ही मर्यादा दूर झाली. या कार्यासाठी हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीला आणि विशेषत्वाने कॉल्डवेल यांना १९३३ चे कॉलियर पारितोषिक देण्यात आले. पाठोपाठ आलेल्या स्थिरगती प्रोपेलरमुळे वैमानिकाच्या हाती दोन स्वतंत्र दांडे आले. एकाने फेरे ठरवायचे आणि दुसऱ्याने दाब.

स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्याचा वापर कसा करावा याविषयी एकमत नव्हते. यातूनच एक ठोकताळा रूढ झाला. मॅनिफोल्ड दाबाचे इंच हे फेऱ्यांच्या शेकड्यांपेक्षा अधिक असू नयेत, असा तो नियम होता. म्हणजे २,५०० फेऱ्यांवर दाब २५ इंचांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. लक्षात ठेवण्यास सोपा असल्यामुळे तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिला. परंतु त्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही. इंच आणि मिनिटाचे फेरे ही दोन भिन्न परिमाणे आहेत. त्यांचे आकडे जुळणे हा केवळ योगायोग होय. समुद्रसपाटीवर स्थिर प्रोपेलरचे साधे प्रशिक्षण विमान पूर्ण थ्रॉटलवर धावू लागते तेव्हा दाब सुमारे २९ इंच आणि फेरे २,३०० च्या आसपास असू शकतात. म्हणजे शिकाऊ वैमानिक प्रत्येक उड्डाणात हा नियम मोडत असतो. अशा अनेक विमानांत मॅनिफोल्ड दाब दाखविणारे यंत्रच नसल्यामुळे ते त्याच्या लक्षात येत नाही.

४. न्यू गिनी, १९४४ :

या ठोकताळ्याची सर्वांत कठोर परीक्षा हलक्या विमानावर झाली नाही. ती पी-३८ लाइटनिंग या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानावर झाली. तरीही तिचा येथे विचार करणे आवश्यक आहे. फेरे आणि दाब यांची स्वतंत्र निवड करून दीर्घ पल्ल्यावर तिचा परिणाम पडताळला गेल्याचे ते ठळक उदाहरण आहे. हीच दोन-दांड्यांची व्यवस्था पुढे खासगी विमानांतही आली.

जून १९४४ च्या अखेरीस लिंडबर्ग न्यू गिनीतील हॉलंडिया येथे पोहोचले. ते सैन्यात नव्हते, तर युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीचे तांत्रिक प्रतिनिधी म्हणून आले होते. कर्नल चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांच्या नेतृत्वाखालील ४७५ व्या लढाऊ गटाबरोबर त्यांनी उड्डाणे सुरू केली. मोहिमेहून परतल्यावर त्यांच्या विमानाच्या टाक्यांत इतरांपेक्षा बरेच अधिक इंधन शिल्लक असल्याचे देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांच्या लक्षात आले. गटातील वैमानिक क्रूझमध्ये मिनिटाला २,२०० ते २,४०० फेरे, कमी दाब आणि इंधनाचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण वापरीत. लिंडबर्ग फेरे १,६०० पर्यंत खाली आणीत, दाब ३० इंचांच्या वर नेत आणि मिश्रण विरळ ठेवीत. ॲलिसन व्ही-१७१० इंजिनाचे कमाल फेरे ३,००० होते हे लक्षात घेता, ही निवड जवळपास निम्म्या गतीची होती.

वैमानिकांचा आक्षेप इंजिनाच्या आयुर्मानासंबंधी होता आणि तो हास्यास्पद मुळीच नव्हता. झडपा जळतील, इंजिने लवकर निकामी होतील, अशी त्यांना धास्ती होती. समुद्र आणि जंगल यांवरून शेकडो मैल उडणाऱ्या मनुष्याने इंजिनाविषयी सावध राहावे, यात नवल नाही. लिंडबर्ग यांची भूमिका अशी होती की, या मर्यादा इंजिनाच्या बांधणीत अगोदरच गृहीत धरलेल्या आहेत. प्रत्यक्षात अपेक्षित नाश घडून आला नाही आणि गटाने ही पद्धत स्वीकारली. विमानांचा लढाईचा पल्ला शंभराहून अधिक मैलांनी वाढला.

या यशामागील कारणे समजून घेतली पाहिजेत. फेरे कमी झाल्यामुळे घर्षणातील नुकसान घटले. थ्रॉटल अधिक उघडा राहिल्याने हवा आत ओढण्यात वाया जाणारी शक्ती वाचली. १०० पेक्षा अधिक ऑक्टेन मूल्याचे इंधन उपलब्ध असल्यामुळे वाढलेल्या दाबावरही अनियंत्रित स्फोट झाला नाही. हीच पद्धत कमी प्रतीच्या इंधनावर वापरली असती, तर वैमानिकांची भीती खरी ठरण्याची शक्यता होती. म्हणजे लिंडबर्ग यांचा विजय हा ‘कमी फेरे’ या तत्त्वाचा नव्हता. फेरे, दाब, मिश्रण आणि इंधन यांच्या एका विशिष्ट जुळणीचा तो विजय होता.

५. सेस्ना १७५ : उलट दिशेचा धडा :

युद्धानंतर अमेरिकेत खासगी विमानांचा प्रसार झाला. त्यांतील इंजिने बहुधा हवेने थंड होणारी, आडव्या समोरासमोरच्या सिलिंडरची आणि प्रोपेलरला थेट जोडलेली होती. भारतात हिंदुस्तान एअरक्राफ्टने तयार केलेल्या आणि १९५८ मध्ये प्रथम उडालेल्या पुष्पक या प्रशिक्षण विमानावरही याच जातीचे कॉन्टिनेंटल सी-९० इंजिन होते. अशा विमानांतून शिकलेल्या वैमानिकाच्या कानाला २,३०० ते २,५०० फेऱ्यांचा आवाज क्रूझचा म्हणून परिचित झाला होता.

१९५८ मध्ये सेस्ना कंपनीने १७५ हे विमान बाजारात आणले. बाह्यतः ते लोकप्रिय सेस्ना १७२ सारखे होते. मात्र १७२ मधील १४५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल ओ-३०० इंजिन २,७०० फेऱ्यांवर कमाल शक्ती देत असे, तर १७५ मधील जीओ-३०० हे इंजिन ३,२०० फेऱ्यांवर १७५ अश्वशक्ती देत असे. इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये दात्यांची चाके होती. त्यामुळे इंजिन ३,२०० फेरे फिरत असताना प्रोपेलर २,४०० फेरेच फिरत असे. पुस्तिकेत क्रूझसाठी २,९०० फेऱ्यांची शिफारस होती.

अनेक वैमानिकांना २,९०० हा आकडा इंजिनावर अत्याचार केल्यासारखा वाटला. त्यांनी सवयीप्रमाणे २,३०० ते २,७०० फेऱ्यांवर विमान चालविले. हेतू इंजिन जपण्याचा होता, परिणाम मात्र विपरीत झाला. कमी फेऱ्यांवर दात्यांच्या चाकांच्या जोडणीत घातक कंपने निर्माण होत. विमानाचा वेग मंदावल्यामुळे सिलिंडरांवरून पुरेशी हवा वाहत नसे आणि ते थंड होत नसत. इंजिने वारंवार बिघडू लागली. जीओ-३०० चा ओव्हरहॉलचा कालावधी मुळातच १,२०० तासांचा होता, तर ओ-३०० चा १,८०० तासांचा. त्यात या बदनामीची भर पडली आणि १९६२ नंतर १७५ चे उत्पादन थांबले. पुढे अनेक मालकांनी हे इंजिन काढून तेथे थेट जोडणीचे इंजिन बसविले.

न्यू गिनी आणि सेस्ना १७५ ही उदाहरणे शेजारी ठेवल्यास एक लक्षणीय साम्य आढळते. न्यू गिनीत वैमानिक इंजिन वाचविण्यासाठी फेरे चढे ठेवीत होते. सेस्ना १७५ मध्ये वैमानिक इंजिन वाचविण्यासाठीच फेरे उतरते ठेवीत होते. दोन्ही ठिकाणी आकडा परस्परविरुद्ध होता, परंतु चुकीचे मूळ एकच होते. एका परिस्थितीत मिळालेली सवय दुसऱ्या परिस्थितीवर लादली गेली आणि समोरच्या इंजिनाचे कोष्टक दुय्यम ठरले.

६. आयुर्मानाचे मोजमाप :

आयुर्मान तासांत मोजले जाते, पण हा तास कोणता, हेही पाहणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक विमानांत फेरे दाखविणारे टॅकोमीटरच तासांची नोंद ठेवते. ते एका ठरावीक गतीवर जुळविलेले असते. समजा, ते २,५०० फेऱ्यांवर जुळविले आहे आणि विमान घड्याळाचा एक तास २,२५० फेऱ्यांवर उडाले, तर नोंद ०.९ तासाचीच होते. हळू उडणाऱ्या मालकाचे इंजिन कागदावर अधिक काळ टिकलेले दिसण्यामागे या नोंदीचाही वाटा असतो. शिवाय हळू उडाल्यास तेच अंतर कापण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून तासांमागे झालेली बचत मैलांमागे तितकीच राहत नाही.

उत्पादकांच्या उत्तरकालीन मार्गदर्शनात हे अनुभव प्रतिबिंबित झालेले दिसतात. लायकमिंग कंपनीने दीर्घ आयुष्यासाठी क्रूझमध्ये ६५ टक्के किंवा त्याहून कमी शक्ती वापरण्याचा आणि सिलिंडरच्या टोपणाचे तापमान ४०० अंश फॅरनहाइटच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. या सल्ल्यात फेऱ्यांचा एकच सर्वमान्य आकडा नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ओ-३६० इंजिन आणि हार्टझेल प्रोपेलर यांच्या काही जोड्यांत २,००० ते २,२५० फेऱ्यांवर सलग उडणे कंपनांमुळे वर्ज्य ठरविले आहे. म्हणजे तेथे ‘थोडे हळू’ चालविणे हेच नियमबाह्य ठरते. तसेच, ओव्हरहॉलसाठी तासांबरोबर १२ वर्षांची मर्यादाही सुचविलेली आहे. हँगरमध्ये उभे राहिलेले इंजिन एकही फेरा न फिरता गंजत असते. फेऱ्यांची काटकसर करणाऱ्याला हे सत्य सहज पटत नाही.

निष्कर्ष :

१) क्रूझमधील इंजिनगतीची खरी निवड बदलत्या कोनाच्या प्रोपेलरमुळे शक्य झाली. त्यापूर्वी फेरे आणि दाब परस्परांना बांधलेले होते.

२) फेरे कमी केल्याने घर्षण व जडत्वाचे बल कमी होते हे खरे असले, तरी त्याचा लाभ तापमान, मिश्रण, इंधनाची प्रत आणि कंपने मर्यादेत असतील तरच मिळतो.

३) दाब व फेरे यांचे आकडे जुळविण्याचा रूढ नियम सावधगिरीचा ठोकताळा म्हणून समजण्याजोगा आहे, परंतु शास्त्रीय मर्यादा म्हणून तो टिकत नाही.

४) १९४४ चा प्रयोग आणि सेस्ना १७५ चा अनुभव परस्परविरोधी दिसत असले, तरी दोहोंतून एकच बाब सिद्ध होते. इंजिनाचे आयुर्मान एका आकड्याने ठरत नाही. त्या विशिष्ट इंजिनाविषयीचे ज्ञान निर्मात्याकडून वैमानिकापर्यंत किती विश्वासार्हपणे पोहोचते, यावरही ते अवलंबून असते.

शेवटी एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. न्यू गिनीतील वैमानिक किंवा सेस्नाचे मालक अज्ञानी नव्हते. पूर्वीच्या इंजिनांवर त्यांचा अनुभव खरा ठरलेला होता. मात्र इंजिन बदलले तेव्हा तो अनुभव पुन्हा तपासून पाहिला गेला नाही. लिंडबर्ग यांच्या टाकीत उरलेल्या इंधनाने १९४४ मध्ये ही तपासणी घडवून आणली. सेस्ना १७५ च्या बाबतीत ती तपासणी पुस्तिकेच्या पानावर उपलब्ध होती, परंतु कानावर बसलेला आवाज तिच्यापेक्षा अधिक विश्वासार्ह मानला गेला. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन करताना यंत्राच्या शोधाइतकेच त्याच्या वापराच्या सवयींनाही स्थान मिळावे, एवढी अपेक्षा या अभ्यासातून व्यक्त करावीशी वाटते.